परक्या धडावरचा सदू

अक्षर वाकडं आहे, माफ करावं. ऱ्हस्व-दीर्घ तर मला जन्मात जमलं नाही. चौथी झाली आणि शाळा सुटली. नंतर वाण्याची यादी आणि गावी पाठवायची कार्डं, एवढंच लिहिलं. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी माफी मागितल्याशिवाय हात पुढे सरकत नाही. गोविंद मेस्त्री असते तर म्हणाले असते, "वहिनी, लिहा हो. उमटल्याशी काम."

परवा भाजी घेऊन येताना नाक्यावर थांबले. दर वर्षी हुतात्म्यांच्या दिवशी तिथे टेबल मांडतात, त्यावर संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्याचं जुनं चित्र ठेवतात आणि हार घालतात. उघड्या छातीचा तरुण, हातात झेंडा, समोर बंदुका. एका लहान मुलीने आईला विचारलं, "त्यांच्या डोक्याभोवती गोल कसला?" आई म्हणाली, "ते तेज असतं बाळा. देशासाठी मरतात त्यांना असतं."

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि घरी आले. चार लोकांत बोलायची मला सवय नाही. पण तो गोल तेजाचा नाही, लाकडातली फट आहे. ती कशी पडली ते माहीत असलेली आता मीच उरले.

फणसवाडीत आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर आमची खोली, आणि त्याच गॅलरीत अगदी टोकाची मेस्त्रींची. मेस्त्री लाकडावर चित्रं कोरायचे. कोरलेल्या लाकडाला शाई लावून छापखान्यात चित्र छापायचं, त्या लाकडाला ठसा म्हणतात. आमचे हे छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे, त्यामुळे मला एवढं ठाऊक. फोटोवरून जस्ताचे ठसे व्हायला लागले तसं मेस्त्रींचं काम आटलं. तपकिरीच्या डबीचं लेबल, उदबत्तीचा पुडा, लग्नपत्रिकेवरचा गणपती, असलं किरकोळ उरलं. पण मुलांच्या इतिहासाच्या पुस्तकातली जुनी चित्रं त्यांचीच होती, आणि त्यांना त्याचा भारी ताठा. चाळीतलं पोर अभ्यासाला बसलं की खिडकीतून डोकावून म्हणायचे, "पान उलट. पुढे माझा खून आहे."

खून म्हणजे गारद्यांनी पेशव्याला मारलं तो. शिवाय सत्तावन सालच्या बंडातले, तोफेच्या तोंडी दिलेले शिपाई. गडाच्या दरवाजात पडलेला किल्लेदार. मारामारीची चित्रं मेस्त्रींच्या हाताला चांगली साधायची. माणूस मात्र असा की उंदीर पिंजऱ्यात सापडला तर तो आमच्या यांच्याकडे द्यायचे आणि स्वतः तोंड फिरवून उभे राहायचे.

खिडकीपाशी त्यांची बैठक. पुढ्यात वाळू भरलेली चामड्याची उशी, उशीवर लाकूड. उजव्या हातातली कोरणी जागची हलायची नाही, डाव्या हाताने ते लाकूडच फिरवायचे. "कोरणी फिरवतो तो सुतार, लाकूड फिरवतो तो मेस्त्री," असं म्हणायचे. संध्याकाळी दिव्यापुढे पाण्याने भरलेला काचेचा गोळा ठेवायचे. त्यातून उजेडाचा रुपयाएवढा ठिपका लाकडावर पडायचा आणि त्या ठिपक्यात ते तासन् तास वाकलेले असायचे.

ठशावर सगळं उलटं कोरावं लागतं. उजवा हात डावीकडे, डावा उजवीकडे, अक्षरंसुद्धा उलटी. तेव्हा कुठे कागदावर सुलट उमटतं. सगळा जन्म यात गेल्यामुळे मेस्त्रींना उलट हेच सुलट झालं होतं. एकदा रेशन कचेरीत त्यांनी सही केली ती सवयीने उलटी. कारकून खेकसला, "ही कुठली भाषा?"

"मराठीच आहे साहेब. कागद उजेडाकडे धरा आणि मागून वाचा."

कारकुनाने खरंच धरला. वाचलं. मग आणखी चिडला आणि सगळा फॉर्म नव्याने लिहायला लावला. मेस्त्री घरी येऊन सांगताना एवढे हसले की ठसका लागला. दाढी ते आरशाशिवाय करायचे. "आरशात बघून मी ठसा आहे का छाप, तेच मला कळत नाही," म्हणायचे. एका गालावर नेहमी खुंट राहिलेले असायचे.

कुणाचा हात, कुणाची मान हवी असली की चाळीतल्या माणसाला धरून उभं करायचे. एकदा मला म्हणाले, "वहिनी, जरा लाटणं वर धरून उभ्या राहा. गारद्याचा दंड नीट येत नाही." मी लाजून मेले. आमचे हे म्हणाले, "राहा गं. घरात धरतेसच की." मग राहिले उभी, लाटणं डोक्यावर, पदर खोचलेला. तव्यावर पोळी करपायला लागली. मी हात खाली घ्यायला गेले तर मेस्त्री ओरडले, "येऊ देऊ नका खाली! खाली आली की संपलं!"

पोळीचा कोळसा झाला. कागदावर काढून झाल्यावर त्यांनी मला शांतपणे समजावलं. म्हणाले, "तलवार नेहमी वर असताना धरायची. पडली की बघणारा पान उलटतो. वर असली की तो थांबतो, त्याला वाटतं अजून कुणीतरी वाचवेल. मरणाऱ्याच्या तोंडावर उजेड पाडायचा, मारणाऱ्याचं तोंड काळं ठेवायचं. रक्त काढायचं नाही. लाकडात रक्त म्हणजे नुसता काळा डाग. त्यापेक्षा जमिनीवर पागोटं पडलेलं दाखवावं. रक्त लोक आपल्या मनाने भरतात."

मी विचारलं, "पण खरंच असं झालं असेल का हो?"

"झालं कसं ते तिथे होते त्यांना ठाऊक," मेस्त्री म्हणाले. "आपलं काम, बघणाऱ्याला कळेल असं कोरायचं."

तोवर मेस्त्रींनी माणूस मारताना कधी पाहिला नव्हता.

आमच्या खाली पहिल्या मजल्यावर भागीकाकू राहायच्या. मालवणकडच्या, विधवा, मसाले कुटून द्यायच्या. त्यांचा एकुलता एक सदू परळच्या गिरणीत बदली कामगार होता. हसरा, बडबड्या. लहानपणी विटी लागून डाव्या भुवईवर खोक पडली होती, तिथे केस उगवले नव्हते. मेस्त्रींच्या खोलीत जाऊन बसणारा तोच. "मेस्त्री, मला पण एकदा लाकडात घाला की," म्हणायचा. मेस्त्री म्हणायचे, "तू काय केलंस रे लाकडात जाण्यासारखं? आधी केस विंचर."

मुंबईसाठी सगळं गिरगाव पेटलं होतं तेव्हाची गोष्ट. आम्ही बायकाही मोर्च्याला जायचो. मी घोषणा द्यायची नाही, पण चालायची. सदू घोषणा द्यायचा आणि त्याचा घसा बसायचा. पण त्या दिवशी तो मोर्च्याला गेला नव्हता. सकाळपासून दुकानं बंद, रस्त्यात दगड. दुपारी कुणीतरी म्हणालं की दुधाचं केंद्र थोडा वेळ उघडलंय. काकूंनी त्याला बाटली घेऊन पाठवलं.

मी खोलीत होते. आवाज ऐकला, बाहेर आले नाही. मेस्त्री खिडकीशी होते आणि त्यांच्या खिडकीतून नाका सरळ दिसायचा.

त्यांनी काय पाहिलं ते त्यांनी त्या संध्याकाळी आमच्या यांना सांगितलं, एकदाच. मी चूल सारवत होते. सदू बाटली पोटाशी धरून परत येत होता. पोलिसांची गाडी दिसली तसा वाडीच्या तोंडाकडे वळून पळायला लागला. गोळी पाठीत लागली. पालथा पडला. बाटली फुटली नाही, घरंगळत गटाराच्या कडेला गेली. नंतर कुणीतरी ती उचलून उभी करून ठेवली.

"वर उचललेली तलवार असते ना," मेस्त्री म्हणाले, "तसं काही नव्हतंच हो. आधीचं काही नव्हतंच. पळत होता आणि पडला. मी बघत होतो, तरी मला बघायला मिळालं नाही."

दोन दिवसांनी नाना आले. आमच्या वाडीतलं चळवळीचं सगळं काम नाना बघायचे. खरा माणूस, लोकांकडून गोळा केलेल्या वर्गणीतला चहा प्यायचा नाही. ते म्हणाले, "मेस्त्री, सदूचं चित्र पाहिजे. परवा सभा आहे, घराघरात गेलं पाहिजे. त्याचा एक फोटोसुद्धा नाही हो. त्याला नीट बघितलेला तुमच्यासारखा दुसरा कोण?"

"परवा? नवा ठसा परवा कसा होईल?"

"कसंही करा. लोक आत्ता पेटलेत."

मेस्त्रींनी मग जे केलं ते त्यांच्या धंद्यात सगळेच करत. त्यांच्याजवळ बंडाच्या चित्राचा एक जुना ठसा होता, पोळपाटाएवढा. छाती उघडी टाकून, झेंडा धरून बंदुकांपुढे उभा असलेला शिपाई. त्यांनी शिपायाच्या डोक्याच्या जागी गोल भोक पाडलं, त्यात लाकडाचा नवा तुकडा ठोकून बसवला आणि त्यावर आठवणीने सदूचं तोंड कोरलं. याला ते लाकडाचं ठिगळ म्हणायचे. गोऱ्या सोजिरांच्या उंच टोप्या तासून पोलिसांच्या केल्या. बाकी सगळं तसंच ठेवलं.

नानांनी वर्गणीतून चांगले पैसे दिले. मेस्त्रींनी खानावळीचं थकलेलं बिल भरलं आणि गावच्या घरावर कौलं घालायला उरलेले पाठवले.

चित्र निघालं आणि वाडी हलली. बायका चित्राला ओवाळायच्या. जो तो म्हणायचा, "हुबेहूब सदू!" मलाही तसंच वाटलं, तरी काहीतरी खटकत होतं. मरण आलं की चेहरा परका दिसत असेल, असं मनाला सांगितलं.

काकूंना दाखवायला मेस्त्री स्वतः खाली गेले. काकूंची दातखीळ बसेल म्हणून पाण्याचा तांब्या घेऊन मी बरोबर गेले होते. काकूंनी चित्र उजेडात धरलं. बराच वेळ बघितलं आणि खाली ठेवलं.

"ह्यो माझो झील नाय, मेस्त्रीनू."

"काकू, अहो नीट बघा. भुवईवरची खोकसुद्धा घेतलीय."

"खोक आसा. पण ह्यो सदू नाय. आणि सदू धोतर कधी नेसलो हो? लेंगो होतो त्याच्या अंगात. हातात दुधाची बाटली होती. मीच धाडलंय त्याका. ती खंय हा?"

मेस्त्रींचा ताठा दुखावला. पटकन म्हणाले, "बाटली हातात धरून कोण हुतात्मा होतो, काकू?"

 मसाल्याच्या डब्याचं झाकण काकूंनी उगीचच उघडलं आणि लावलं. जिना चढताना मेस्त्री मधल्या पायरीवर थांबले. मला म्हणाले, "वहिनी, मी हे काय बोललो?" मी तांब्या घेऊन वर आले.

मग पावसाळा आला. चित्र पुन्हा पुन्हा छापत होते, परळ-लालबागपर्यंत जायचं. जुनं लाकूड आणि नवं लाकूड सारखं फुगत नाही, सारखं आटत नाही. ठिगळ ढिलं झालं आणि पावसाळा सरल्यावर जी चित्रं निघाली, त्यांत सदूच्या डोक्याभोवती पांढरी बारीक रेघ आली. छापखान्यातल्या माणसांना कळलं की ठिगळ सुटलंय. लोकांना वाटलं, मेस्त्रींनी मुद्दाम तेज घातलंय. काहींनी जुनं चित्र काढून तेजवालं लावलं.

एक दिवस काकू जिना चढून वर आल्या. गुडघे दुखायचे म्हणून त्या कधी वर यायच्या नाहीत. मेस्त्रींच्या दारात उभ्या राहिल्या. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते.

"मेस्त्रीनू, लोक म्हणतत तेज इला. माका तेज दिसणा नाय. माका दिसता, कोणी तरी माझ्या पोराचा मुंडका कापून दुसऱ्याच्या धडार बसवल्यानी."

मेस्त्रींच्या हातातली कोरणी थांबली. तसंच होतं ते. काकूंना ठिगळाबद्दल कुणी सांगितलं नव्हतं.

"माझ्या सदूचा डोक्या त्या परक्याच्या अंगावरसून काढा. गोळी लागली ती लागली. पण त्याका असो दुसऱ्याच्या अंगार ठेवू नका."

मेस्त्री तसेच चप्पल घालून नानांकडे गेले. नाना त्यांना सोडायला चाळीपर्यंत आले, म्हणून पुढचं बोलणं मी ऐकलं.

"अहो, त्या चित्रापायी किती माणसं उभी राहिली!" नाना म्हणत होते. "माझा मुलगा ते चित्र खिशात घेऊन तुरुंगात गेला. ते खोटं कसं म्हणू?"

"खोटं म्हणत नाही. ठसा परत द्या."

"ठसा लोकांच्या पैशातला आहे, मेस्त्री. एकेक आणा करून जमवलेला. मी कोण द्यायला?"

"मग पैसे परत करतो. सगळे."

"कुठून?"

"ते मी बघतो. तोवर छापू तरी नका."

"तेही माझ्या हातात नाही हो," नाना म्हणाले, आणि त्यांचा चेहरा खरंच पडला.

त्या दिवसापासून मेस्त्रींनी खानावळ सोडली. भात स्वतः शिजवायचे, आमटी मी द्यायची. तपकिरीची लेबलं, काडेपेटीची लेबलं, मिळेल ते घ्यायचे. इतिहासाच्या एका पुस्तकासाठी पेशव्याचा खून पुन्हा कोरून द्या म्हणून छापखान्याचा माणूस आला होता. चांगले पैसे होते. मेस्त्री लाकूड घेऊन बसले, मला लाटणं घेऊन उभं राहायला सांगितलं. मी राहिले. ते नुसते बघत बसले. मग म्हणाले, "घ्या वहिनी खाली. हात दुखेल." ते काम त्यांनी परत केलं.

दर महिन्याला जमेल तेवढं नानांच्या हातात द्यायचे. चित्र छापलं जायचंच, रेघ रुंद होत जायची. मेस्त्री नाक्यावरून यायचे सोडून मागच्या बोळाने यायला लागले. काकूंना विचारायचं धाडस त्यांना नव्हतं, आणि काकू पुन्हा वर आल्या नाहीत. दोघांमध्ये एक जिना होता आणि मी आमटीची वाटी घेऊन त्यावरून वर-खाली करायची. वरचं खाली सांगितलं नाही, खालचं वर सांगितलं नाही. सांगण्यासारखं कुणी काही बोलतच नव्हतं.

अशी तीन-चार वर्षं गेली आणि आपलं राज्य झालं. गिरगावात दिव्यांच्या माळा लागल्या, पेढे वाटले. सदूचं चित्र रथावर ठेवून मिरवणूक निघाली.

त्याच सुमारास एका संध्याकाळी मेस्त्री कागदात गुंडाळलेला ठसा काखेत धरून आले. मला म्हणाले, "वहिनी, खाली चला माझ्याबरोबर. एकट्याला जमायचं नाही."

काकू उंबऱ्यापाशी बसल्या होत्या. मेस्त्री त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. ठसा पालथा मांडीवर घेतला आणि मागून अंगठ्याने दाबला. ठिगळ इतकं ढिलं झालं होतं की हातोडी लागलीच नाही. टप् करून खाली पडलं. जुन्या रुपयाएवढा लाकडाचा गोल, शाईने काळाभोर.

काकूंनी तो उचलला. पदराने पुसला, पुसत राहिल्या. शाई पदराला लागत गेली आणि कोरीव रेघा वर आल्या. उजेडाकडे धरून त्यांनी बघितलं, आणि त्यांच्या तोंडून आवाज फुटला.

"गे बाय माझे! ह्यो बघ माझो सदू."

मेस्त्री पुढे वाकले. मीही वाकले. लाकडावरचा सदू सुलटा होता. खोक डाव्या भुवईवर, भांग ज्या बाजूला असायचा त्याच बाजूला. जन्मभर उलटं कोरलेल्या माणसाचा हात त्या एका तोंडापुरता विसरला होता. डोळ्यांपुढे पोरगा जसा होता तसाच त्यांनी लाकडात उतरवला, आणि म्हणून कागदावर, घराघरात, सगळीकडे तो उलटा उमटला. खोक उजवीकडे, भांग उजवीकडे. आईने ते पहिल्या दिवशी ओळखलं होतं.

मेस्त्री रडले नाहीत. एवढंच म्हणाले, "काकू, चुकलं हो माझं."

"चुकला म्हणान सदू माका गावलो," काकू म्हणाल्या.

पुढे तो तुकडा त्यांच्या देव्हाऱ्यात असायचा. त्या गेल्या तेव्हा मी तो त्यांच्या मुठीत ठेवला, तो त्यांच्याबरोबर गेला. म्हणजे खरा सदू आता कुठेच नाही, आणि नाक्यावरचा आहे तो तसाच राहणार. मेस्त्री त्यानंतर लवकरच गावी गेले. एक कार्ड आलं होतं, त्यावर सही उलटी. मग तेही बंद झालं.

पण मला ते आठवतात ते त्या संध्याकाळचे. उठताना त्यांनी ठसा उचलून समोर धरला. छाती काढून उभा असलेला तो जुना शिपाई, झेंडा तसाच वर, समोरच्या बंदुका तशाच, आणि डोक्याच्या जागी भोक. भोकातून समोरच्या चाळीवरच्या दिव्यांची माळ दिसत होती. मेस्त्री त्यातून तिकडे बघत उभे राहिले. एका गालावर खुंट राहिले होते.

काकूंनी मान वर केली. "मेस्त्रीनू, वर्गणीचे पैशे?"

"फिटले काकू," ते म्हणाले. "आज सगळे फिटले."